भाजीचा कागद

लोहाऱ्याच्या एसटी स्टँडबाहेर अंबाडी विकणाऱ्या त्या म्हाताऱ्या बाईंचं नाव मी कधी विचारलं नाही. भाजी गुंडाळायचा जुना पेपर फाडण्याआधी त्या तो माझ्यापुढं धरत. "बघा की, यात कुणाच्या लेकीचं वाईट न्हाय ना?"

कारण एकदा त्यांनीच सांगितलं. "माजी लेक हिरीत पडून गेली. कठडा ढासळल्याला, समद्या गावाला ठावं. पेपरात पानभर पुढाऱ्याचा वाढदिवस, अन् कोपऱ्यात दोन वळी, पाय घसरून महिलेचा मृत्यू. नावबी न्हाय. नातीनं वाचलं तवा आमी त्याच कागदावर भाकर खात हुतो."

तेव्हापासून मी प्रत्येक कागद धास्तीनंच बघायचो. काल मात्र बस सुटत होती. न बघताच "नाही" म्हणालो. घरी येऊन पुडा सोडला. ओल्या कागदाच्या कोपऱ्यात तशाच दोन ओळी होत्या. नाव नव्हतं.