मानेवरची फुंकर

कोरोनाच्या त्या दिवसांत मास्कच्या बाबतीत त्या न्हाव्याइतका कडक माणूस अख्ख्या गल्लीत शोधून सापडला नसता. सलूनच्या दारातच तो गिऱ्हाइकाला सुनावायचा, "नाक बाहेर काढून हिंडायचं असेल तर घरीच कात्री फिरवा!" दाढी तर बंद म्हणजे बंद. कटिंगला गिऱ्हाइकाने एका कानाची दोरी सोडून मास्क हाताने तोंडावर दाबून धरायचा, मग हा त्या कानावरून कात्री फिरवणार. लोक वैतागायचे. याला काडीचा फरक पडत नव्हता.

कारण याच्या डोळ्यांसमोर होता दादा, त्याचा थोरला भाऊ. बाप गेल्यावर याला कात्री धरायला दादाने शिकवलं आणि स्वतः मात्र सिमेंटच्या कारखान्यात जन्म काढून छातीची पार वाट लावून घेतली. डॉक्टरांनी बजावलं होतं, हा आजार यांना झाला तर काही खरं नाही. म्हणून दादा-वहिनी तीन महिने दार लावून बसले होते. पण केसांना कुठे काय कळतं? दादाचा फोन आला, "अरे, माझं पार अस्वल झालंय. तुझी वहिनी ओळख दाखवत नाही. येतोस का?"

हा आंघोळ करून, दोन मास्क चढवून गेला. सलूनमधली एकही वस्तू नको म्हणून केस झटकायचा ब्रशसुद्धा नेला नाही. नवी कात्री, नवा कंगवा. खिडक्या सताड उघड्या, वहिनी पार लांब स्वयंपाकघरात. इतकी जपून कटिंग त्याने उभ्या आयुष्यात केली नव्हती. स्वतःच्या अंगात काय शिरलंय, याची त्याला तरी कुठे कल्पना होती!

कटिंग संपली. मानेवर बारीक केस राहिलेले. डाव्या हाताने दोन्ही मास्क हनुवटीखाली गेले आणि चाळीस वर्षं हजारो मानांवर मारली तशी फुंकर बसली. मानेवर, कानामागे, आणि दादा "बस रे" म्हणत वळला तशी गालावर. दादाचा मास्क एका कानाला लोंबत होता. मग याचे मास्क आपसूक वर गेले. दोघांनाही काही लक्षात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी याला ताप आला. पाचव्या दिवशी दादाला धाप लागली. हा बरा झाला. दादा दवाखान्यातून परतलाच नाही.

"भाऊजी," वहिनी फोनवर रडत म्हणाली, "तुम्ही तर दोन-दोन मास्क लावले होते. मग हे मेलं आलं कुठून हो?"

"दुधाच्या पिशवीवरून आलं असेल, वहिनी," तो म्हणाला. त्याला खरंच तसं वाटत होतं.

महिन्याने त्याने सलून उघडलं. पहिलं गिऱ्हाईक, पहिली कटिंग. संपल्यावर ब्रश घ्यायच्या आधीच डावा हात वर गेला, मास्क खाली आला, ओठांचा चंबू झाला. तेवढ्यात त्याची नजर समोरच्या आरशावर पडली.

तो तसाच गोठला. त्याला दादाची मान दिसली, वळलेला गाल दिसला. अरे देवा, मीच की रे!

"काका, थांबलात का?" गिऱ्हाईक मान पुढे करून म्हणालं. "टोचतंय, फुंका की."