ब्रश फेकणार नाही

गजाननराव आठल्यांच्या अंगाला वास येतो, असं घरात परस्पर ठरून गेलं. त्यांना कुणी विचारलं नाही. एवढीशी गोष्ट माणसाच्या तोंडावर सांगायची लाज वाटते आणि पाठीमागे ठरवायची वाटत नाही, ही शिकल्यासवरल्या लोकांची तऱ्हाच आहे.

माणूस मोठा ताठ. मूळचा रत्नागिरीचा, विमा कंपनीत एकतीस वर्षं, नऊ बदल्या. मोडेन पण वाकणार नाही म्हणत नऊ साहेबांशी भांडला. शेवटची बदली जयपूरची. दुर्गापुऱ्यात घर घेतलं आणि निवृत्तीनंतर इथेच राहिला. बायको प्रतिमा दोन वर्षांपूर्वी गेली. आता घरात मुलगा निमिष, सून अनुया आणि आठ वर्षांची नात संपदा.

मे महिन्यात जेवताना गजाननरावांची खुर्ची कूलरसमोरून हलली. अनुयाचं म्हणणं, बाबांना गार वारा बाधतो. त्रेचाळीस डिग्रीत कुणाला गार वारा बाधतो हो? मग त्यांच्या खोलीत सुगंधी फवारा आला. शेवटी संपदानेच सांगून टाकलं. पोरांच्या पोटात काही राहत नाही. ‘‘आजोबा, मतलब, तुमच्या जवळ ना, गंदा वास येतो.’’

गजाननरावांची कानशिलं तापली. वर्षानुवर्षं तपकीर ओढून स्वतःचं नाक कामातून गेलेलं, त्यामुळे त्यांना काहीच कळेना. त्या दिवसापासून दोन वेळा आंघोळ, कडुनिंबाचा साबण, आणि सकाळ-संध्याकाळ अशी दोनदा दाढी. वास वाढला! आता बोला. बुधवारी निमिषने मान खाली घालून सांगितलं, की सोमवारपासून एक माणूस येईल, त्यांना आंघोळ घालायला.

ते फार लागलं. हातपाय धड असलेल्या माणसाला दुसऱ्याने आंघोळ घालायची म्हणजे जिवंतपणी त्याला मोडीत काढायचं. ‘‘माझ्या अंगाला कुणी हात लावायचा नाही,’’ एवढं बोलून ते खोलीत गेले. सोमवारच्या आत हा वास कुठला ते शोधायचंच, असं त्यांनी ठरवलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सरळ मीराबाईंना विचारलं. मीराबाई घरी धुणीभांडी करायच्या, माहेर जयपूरजवळच्या कानोत्याचं, आणि भीडभाड हा प्रकार त्यांना ठाऊक नव्हता. त्यांनी सदरा हुंगला, ठीक. चादर हुंगली, ठीक. तोंड पुसायचा टॉवेल हुंगला आणि म्हणाल्या, ही तर भिजलेली बकरी आहे, बाबूजी. सात बकऱ्या पाळणाऱ्या बाईचं नाक ते, चुकेल कसं? त्या तडक बाथरूममध्ये गेल्या, आरशाखालचा स्टीलचा डबा उघडला आणि तोंड फिरवलं.

डब्यात दाढीचा ब्रश होता. पंचाहत्तरीला निमिषनेच दिलेला, खऱ्या केसांचा, भारीतला. दाढी झाली की गजाननराव तो ओलाच डब्यात घालून झाकण घट्ट लावायचे. बदलीवाल्यांची खोड. कधी ऑर्डर येईल आणि ट्रंक भरावी लागेल याचा नेम नाही, म्हणून सगळं कायम बांधलेलं. जुन्या नायलॉनच्या ब्रशाने हे तीस वर्षं मुकाट सोसलं होतं. हा मात्र आतल्या आत आंबला, आणि गजाननराव तोच दिवसातून दोनदा तोंडाला फासत होते. करायला गेले गणपती आणि झाला मारुती.

अनुयाने लगेच सांगितलं, फेकून द्या, मी दाढीचं मशीन मागवते.

‘‘ब्रश फेकणार नाही,’’ गजाननराव म्हणाले. ‘‘धुऊन निघेल तो. मीही निघालो असतो, कुणी सांगितलं असतं तर.’’

पण सगळा वास एकट्या ब्रशाचा, यावर कुणाचा विश्वास बसेना. सोमवारचा माणूस कायम राहिला.

गजाननराव हट्टाला पेटले. आधी त्यांनी ब्रशावर खसाचं, म्हणजे आपल्या वाळ्याचं, अत्तर ओतलं. त्याने बकरी फक्त खसाच्या पडद्याआड जाऊन बसली. मग मात्र डोकं शांत ठेवून कामाला लागले. कोमट पाण्यात नूडल्ससाठी आणलेलं व्हिनेगर चमचाभर घालून ब्रश पाच मिनिटं बुडवला. उकळतं पाणी नाही, त्याने केस मोडतात. स्वच्छ धुतला, दाढीच्या साबणाचा दाट फेस काढून फेसासकट दुपारभर ठेवला. मग पुन्हा धुऊन, झटकून, केस खाली करून गॅलरीतल्या दोरीला टांगला. इथल्या लूच्या गरम वाऱ्यात तासाभरात कोरडा ठक्क. तीन दिवस हाच उद्योग, आणि तेवढे दिवस दाढी बंद. पांढरे खुंट वाढवून ताठ मानेने जेवायला बसायचे. डबा मीराबाईंना देऊन टाकला.

रविवारी सकाळी मीराबाईंनी ब्रश हुंगला आणि बकरी गेली म्हणाल्या. गजाननरावांनी गुळगुळीत दाढी केली आणि बाहेर येऊन निमिषसमोर उभे राहिले.

‘‘ऊठ. वास घे.’’

‘‘बाबा, राहू दे ना.’’

‘‘इतके दिवस लांबून घेतलास. आज जवळून घे.’’

निमिष उठला, बापाच्या गालाजवळ वाकला. साबणाचा वास होता, बाकी काही नाही.

‘‘उद्याच्या माणसाला नको म्हणून कळव.’’

‘‘कळवतो.’’ मग घुटमळत तो म्हणाला, ‘‘आई गेल्यापासून तुम्ही बोलतच नाही, बाबा. मला वाटलं, तुम्ही स्वतःकडे बघायचंच सोडून दिलंत. घाबरलो होतो मी.’’

गजाननरावांनी आवाज खाली येऊ दिला नाही. ‘‘मग घाबरलोय म्हणून सांगायचं. माणसं कसली लावतोस?’’

निमिषने बापाच्या खांद्यावर कपाळ टेकलं, आणि वास घेऊन झाला होता तरी ते उचललं नाही.