डिसेंबरात जा

नागपूरची नीला पांढरीपांडे १९८४च्या जूनमध्ये कॅलिफोर्नियात क्युपर्टिनोला राजारामकाकांकडे आली. एमबीबीएसचं एक वर्ष उरलं होतं, त्याआधी तीन महिने तिथल्या डॉक्टरांचं काम बघायचं होतं. काकांच्या ओळखीनं सॅन होजेतल्या एका दवाखान्यात डॉक्टर हॅन्सन यांच्या मागे उभं राहायची परवानगी मिळाली.

"तू नुसती ऑब्झर्व्हर आहेस," काकांनी बजावलं. "पेशंटला काही सांगायला जाऊ नकोस."

पण पेशंट बोलायचे स्पॅनिश. बहुतेक सगळे फळं डबाबंद करणाऱ्या कारखान्यांतले कामगार. नीलानं संध्याकाळचा क्लास लावला. कुठे दुखतं, कधीपासून, जेवण जातं का, एवढंच तिथे शिकवत. ती घोकायची आणि दवाखान्याच्या बाकावर सेवेरोपुढे म्हणून दाखवायची. साठीचा सेवेरो पोटदुखीच्या तपासण्यांसाठी यायचा. तीस वर्षं जर्दाळू कापून त्याची बोटं तपकिरी झाली होती. तिचे उच्चार ऐकून तो पोट धरून हसायचा, मग सुधारून द्यायचा. "मला सेन्योर नको, तीओ म्हण. म्हणजे काका."

जुलैत रिपोर्ट आले. कॅन्सर, तोही पसरलेला. हॅन्सननी त्याच्या मुलीला, एल्विराला, बाजूला घेऊन सांगितलं, "फार तर दोन महिने." एल्विरानं नीलाचा हात घट्ट धरला. "पपांना कळू देऊ नका. ते हाय खातील."

नीलाला यात वावगं वाटलं नाही. तिच्या आजोबांनाही कुणी सांगितलं नव्हतं.

आठवड्यानं एक्स-रेच्या खोलीबाहेर सेवेरो तिला एकटा भेटला. "मेक्सिकोत, मिचोआकानला माझी बहीण आहे. अकरा वर्षं भेट नाही. आत्ता जाऊ, की बरा होऊन डिसेंबरात?"

वाक्य सोपं होतं. शब्द न् शब्द कळला.

"डिसेंबरात जा, तीओ," ती म्हणाली. "तोवर बरे व्हाल."

सेवेरो ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात वारला. चर्चबाहेर एल्विरा म्हणाली, "सगळ्यांना सांगत होते, भारतातल्या डॉक्टरीणबाईंनी डिसेंबर सांगितलाय म्हणून."

"मला माहीत होतं, एल्विरा."

"मलाही," एल्विरा म्हणाली आणि गाडीकडे चालू लागली.

नागपूरला परतल्यावर नीलानं त्या बहिणीला पत्र लिहिलं. मोडक्या स्पॅनिशमध्ये, काहीही न लपवता. चार महिन्यांनी उत्तर आलं. ते लावायला तिला अख्खी दुपार लागली. म्हातारीनं रागाचा एक शब्द लिहिला नव्हता. भावासाठी मागची खोली चुन्यानं रंगवून घेतली होती, नवी चादर घातली होती, आता तिथे मका ठेवते, एवढंच.

नीला चांगल्या मार्कांनी पास झाली आणि तिनं पॅथॉलॉजी घेतली. आईला ते पटेना. "एवढी मायाळू तू, पेशंट का नकोत तुला?"

"मला त्यांच्याशी बोलता येत नाही गं," नीला म्हणाली.