घरी आई, इथं बाई
खिचडीच्या फोडणीचा वास आला की मला शेंद्र्याची आमची जिल्हा परिषदेची शाळा आठवते. मी चौथीत होते. आमची जमीन एमआयडीसीत गेली होती, हातात पैसा आला होता, आणि मला शहरातल्या इंग्रजी शाळेत घालायचं ठरवून वडील दाखला काढायला आले होते. दुपारची सुट्टी होती, आम्ही व्हरांड्यात ताटं घेऊन बसलो होतो. शहरातून रोज एसटीनं येणाऱ्या आमच्या बाई म्हणाल्या, "राहू द्या की तिला इथंच." वडील चिडले. "तुमची सोताची लेकरं कोन्त्या शाळंत हायेत, ते सांगा आधी." बाईंनी माझ्या शेजारी बसून बोटं चाटणाऱ्या मुलीकडं हात केला. वडिलांना पटेना. त्यांनी तिलाच विचारलं, "ह्या तुह्या कोन लागतेत?" ती म्हणाली, "घरी आई. इथं बाई." वडील मला "पोटभर खा" म्हणाले आणि दाखला न घेताच निघून गेले. यंदा मी माझ्या लेकीसाठी शहरातल्या महागड्या शाळा बघत फिरतेय आणि प्रत्येक ठिकाणी तिथल्या शिक्षकांना वडिलांचाच प्रश्न विचारतेय. अजून कुणी वर्गाकडं हात केलेला नाही.