सुमनवहिनींचा राखणदार

सुमनवहिनी गेल्याचा फोन आला तेव्हा मी लसूण सोलत होते. त्यांचा मुलगा मंदार दवाखान्यातून बोलत होता. "काकी, आई गेली." मी म्हटलं, "बरं." फोन ठेवला आणि उरलेला लसूण सोलून टाकला... महिना उलटून गेला, तरी तेव्हा "बरं" का म्हणाले ते मला कळलेलं नाही. खरं सांगायचं तर तेव्हापासून कशाचाच नीट उलगडा होत नाहीये.

नव्वदच्या दशकात आम्ही दोघी विरार पश्चिमेच्या या इमारतीत समोरासमोर राहायला आलो. मी कराडकडची, त्या कणकवलीकडच्या. माझं सामान लावून होतंय न होतंय तोच दार वाजलं. "ताई, हयलो राखणदार कोण?" मी म्हटलं, "इथला? वॉचमन अजून ठेवलेला नाही." त्या हसल्या नाहीत. त्यांच्याकडे म्हणे प्रत्येक जागेला एक राखणदार असतो, जागा सांभाळणारा देव. त्याला विचारल्याशिवाय, वर्षाला नारळ दिल्याशिवाय माणूस तिथे सुखानं नांदत नाही. आता आमच्याकडेही म्हसोबा असतो, पण तो शेताच्या बांधावर. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांना कुठला आलाय म्हसोबा? तसं म्हटलं तर म्हणाल्या, "बिल्डिंग वाऱ्यार बांधल्यानी काय? खाली भुंय आसाच मां?"

पहिल्याच उन्हाळ्यात नळ आटले. इमारतीमागे हिराआजींची वाडी होती. पिढ्यान्‌पिढ्या इथेच शेती करणारं घर. केळी, पानवेली, सोनचाफा, आणि कडेला बावखल, म्हणजे इकडचं पाण्याचं खोल तळं. आजींना विचारून आम्ही तिथे कपडे धुवायला गेलो. काठावर करंजाखाली एक काळा दगड होता आणि त्यावर चाफ्याची ताजी फुलं. वहिनींनी बादली खाली ठेवली, चपला काढल्या आणि हात जोडले. "सापडलो गे बाय!" म्हणाल्या. फ्लॅटची किल्ली हातात आली तेव्हाही त्या एवढ्या खुलल्या नव्हत्या. दुसऱ्याच दिवशी पहाटे त्यांनी तिथे नारळ फोडला.

मग दर देवदिवाळीला नारळ ठरलेला. गाऱ्हाणं, म्हणजे देवापुढचं मागणं, पुरुषानं घालायचं असतं, हे त्याच सांगायच्या. पण "ह्यांका रजा गावत नाय, मगे देवान थांबाचा काय?" असं म्हणून स्वतःच घालायच्या. "बा देवा म्हाराजा, मी हयली नाय, पण आता तुझ्याच जाग्यार रवतंय. माका परक्यात धरू नको!" आणि मागे उभं राहून मी म्हणायचं, "व्हय म्हाराजा!" कराडच्या तोंडाला ते काही शोभायचं नाही. पहिल्या वर्षी तर मी पदर तोंडात कोंबून हसले होते. पुढे पुढे हसू येईनासं झालं. गावाहून आणलेला हळदीचा गड्डा त्यांनी त्या दगडाशेजारी लावला, तो पसरला, आणि नागपंचमीला सगळ्या इमारतीला त्या पानांतल्या पातोळ्या मिळू लागल्या. तरी गाऱ्हाणं तेच. शेवटी मी चिडवलं, "अहो, एवढी वर्षं झाली, आता तरी दुसरं काही मागा!" त्या म्हणाल्या, "गावाक गेलंय तर जावा माका 'इरारवाली' म्हणतत, हय सगळी 'कोकणवाली' म्हणतत. कोणीतरी एकान आपली म्हणाक होया मां?"

तसं कुणी म्हटलं का, हे मला ठाऊक नाही. त्या गेल्या आणि मंदारनं अस्थी गावच्या नदीत सोडल्या. परत आल्यावर माझ्या दारात उभा राहिला. "काकी, आई नक्की कुठली होती? मला तिकडेही तिला तिच्या घरी सोडून आल्यासारखं वाटलं नाही." मी त्याला चहा दिला. दुसरं काय देणार? देवदिवाळी तोंडावर आली होती. जाताना त्यानं घरातला नारळ माझ्याकडे ठेवला.

तो नारळ घेऊन मी वाडीत गेले. हिराआजी आता पार वाकल्यात. फुलं खुडत होत्या. म्हटलं, "आजी, तुमच्या देवाला वहिनी गेल्याचं सांगायचंय. कसं सांगतात?"

"कोनता देव?"

मी दगडाकडे बोट दाखवलं. आजी माझ्याकडे बघतच राहिल्या. "तो? तो तर पाय घासायचा दगड गो."

"मग त्यावरची फुलं?"

"तवा हात धुवाला पान्यात उतरले, म्हनून खुडलेली फुलं वर ठेवली व्हती. दुसऱ्या दिवशी बघते तर तुमच्या बाईनं नारळ फोडलेला. म्हटलं, कोकनातली मानसं जानती, तिला काय तरी दिसलं असंल. तवापासून आमी कोनी त्याला पाय नाय लावला. रोज फूल ठेवते."

म्हणजे वहिनी आजींची फुलं बघून हात जोडत होत्या आणि आजी वहिनींचा नारळ बघून... मग मधे होतं कोण? इतकी वर्षं त्या "परक्यात धरू नको" म्हणून कुणाला विनवत होत्या? मला आधी हसू आलं, मग राग आला, मग इतकं रडू आलं की आजींनी मला तिथेच बसवलं.

"नारळ फोड ना. घेऊन काय बसलीस?"

"पण तो देव नाही ना, आजी?"

"पयला नव्हता," आजी म्हणाल्या. "आता कोनाला म्हायत?"

मी उठले. चपला काढल्या. दगडावर सकाळची फुलं होती, शेजारी हळदीची पानं पिवळी पडून आडवी झाली होती. वहिनींसारखंच म्हणायला गेले, "बा देवा म्हाराजा, आमची सुमन हयली नव्हती..." आणि पुढचं काही सुचेना.

मागून आजींचा आवाज आला, वाडीतून दर वर्षी ऐकलेल्या त्याच चालीत. "हितलीच व्हती, म्हाराजा!"

आणि माझ्या तोंडून सवयीनं निघालं, "व्हय म्हाराजा."