मधल्या बशीवरचा अंगठा

प्रेमिलाबाई आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत कंत्राटी मदतनीस. आरमोरीकडच्या ढिवराच्या घरातल्या. तलावातले मासे चिरण्यात आणि सुकवण्यात अर्धं आयुष्य गेलेलं. मी वनस्पतिशास्त्र शिकवतो आणि घाबरट आहे, हे आधीच सांगून टाकतो.

रसायनशास्त्राच्या मंजुषा मॅडम पीएचडीसाठी जीवसृष्टीच्या आरंभामागे लागल्या होत्या. प्रथिनं म्हणजे अमिनो आम्लांच्या साखळ्या. दोन आम्लं जुळताना पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो, त्यामुळे भर पाण्यात ती सहसा जुळतच नाहीत. पण तळ्याच्या काठावर पाणी आटतं, पुन्हा भरतं. तिथं जुळत असतील का? मॅडमनी सात काचेच्या बशांत आम्लांचं पाणी ओतलं. प्रेमिलाबाईंनी ते ओव्हनमध्ये सुकवायचं आणि पूर्ण सुकलं की पुन्हा भिजवायचं. असं चार महिने चाललं.

सोमवारी तपासणीचा अहवाल आला. मधल्या बशीत लांबच लांब साखळी! मॅडम नाचायच्याच बाकी होत्या. प्रेमिलाबाई मात्र दुपारी माझ्याकडे आल्या, तोंड उतरलेलं.

"सर, मी त्या बशीले अंगठा लावत होती. सुकलं का नाई पाहाले. आमी मासे तसेच पाहतो, मधला दाबून. मधला सुकला म्हणजे सारे सुकले."

"हातमोजे?"

"मोज्यातून समजत नाई न, सर. काई बिघडलं काय?"

माणसाच्या कातडीतही प्रथिनंच असतात, ती लांब साखळी अंगठ्याचीच असणार, हे मी त्यांना सांगितलं. वर म्हणालो, "पण बाई, गप्प राहा. नोकरी जाईल."

बाईंच्या लेकीचं, दिव्यानीचं, नर्सिंग अजून दोन वर्षं बाकी होतं. मॅडम दिसल्या की बाई हात पदराखाली घेत. मीही मॅडमना टाळत होतो.

शुक्रवारी मॅडम शोधनिबंध पाठवायला बसल्या आणि मला वाचायला बोलावलं. तेवढ्यात बाई आल्या आणि दारातूनच सगळं सांगून मोकळ्या झाल्या.

मॅडम पांढऱ्याफटक पडल्या. "बाकीच्या सहा?"

"त्यायले हात नाई लावला."

मॅडमनी मधल्या बशीची ओळ पुसली. उरल्या दोन-तीन आम्लांच्या आखूड साखळ्या. तेवढंच खरं होतं.

"कातडीत प्रथिनं असतात, हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"सरांनं. सोमवारीच."

मॅडमनी सावकाश माझ्याकडे पाहिलं.

बाईंची नोकरी टिकली. मॅडम माझ्याशी अजून बोलत नाहीत, आणि त्यांचं काही चुकत नाही.