डाव्या डोळ्याचा स्कोप

मला कुणी बोलावलं नव्हतं, मी आपणहून गेले. इंग्लंडमधल्या ब्रॅकनेल शहराबाहेरच्या आमच्या गावातल्या दुकानात एक चिठ्ठी लागली होती: घोड्यांच्या कुरणात ससे फार झालेत, मारणारं कुणी हवंय. मी थेट कुरणाच्या मालकीणबाईंच्या दारात जाऊन उभी राहिले. बाई सत्तरीच्या, एकदम खडूस. त्यांच्या घोडीचा पाय सशाच्या बिळात जाऊन मोडला होता आणि शेवटी तिला इंजेक्शन देऊन संपवावं लागलं होतं. हे सगळं सांगून झाल्यावर त्यांनी माझ्या उजव्या डोळ्याकडे बघितलं आणि विचारलं, "तुमचे मिस्टर करतात का नेमबाजी?"

करतो ना! आम्ही दोघंही दर रविवारी क्लबला जातो. तिथे कागदावर माझा नेम त्याच्यापेक्षा चांगला लागतो, हे त्यालाही माहीत आहे. पण मी एवढंच म्हटलं, "मी करते." बाईंनी अट घातली. तीस यार्डांवरून एअर रायफलने पाच छर्रे मारायचे, दहा पेन्सच्या नाण्याएवढ्या वर्तुळात. पाचही आत गेले तर कुरणात यायची लेखी परवानगी. नाहीतर राम राम.

माझ्या उजव्या डोळ्यात फूल पडलंय. सात वर्षांची असताना विटी लागली. त्या डोळ्याला उजेड आणि अंधार कळतो, बाकी काही नाही. हे मी लगेच सांगून टाकते, कारण लोक तिकडेच बघत बसतात आणि माझं बोलणं राहून जातं. रायफल मी डाव्या खांद्याला लावते. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये वीस वर्षं मायक्रोस्कोपखाली रक्ताच्या पेशी बघतेय, त्याही डाव्याच डोळ्याने. आजवर एकाही डॉक्टरने तक्रार केलेली नाही.

माझ्याकडे स्वतःची एअर रायफल होती, पण तिच्यावरचा जुना स्कोप, म्हणजे नेम धरायची दुर्बीण, आतून धुरकट झाला होता. नवीन घेणं भाग होतं. नवरा आयटीतला, चहाची किटली घेतानाही एक्सेल उघडणारा. त्याने आठवडाभर रिव्ह्यू वाचले आणि सगळ्यात मोठं दाखवणारा स्कोप पक्का केला. चोवीस पट! माझ्या कोपरापासून मनगटापर्यंत येईल एवढा लांब.

आम्ही बंदुकांच्या दुकानात गेलो, तर दुकानदार सगळं त्यालाच समजावत होता. मी मध्येच काही विचारलं की उत्तरही त्यालाच. शेवटी त्याने माझा डोळा बघितला आणि नवऱ्याला हळूच विचारलं, "त्यांना नीट दिसतं का?"

माझं डोकंच फिरलं. मुलगी बघायला आलेल्या एका बाईंनी पुण्यात सगळ्यांदेखत माझ्या हातात सुई-दोरा दिला होता, ओवून दाखव म्हणून. मी एका दमात ओवला, परत काढला आणि म्हटलं, "आता तुमच्या मुलाला ओवू दे." ते स्थळ तिथेच मोडलं. आई आठ दिवस बोलली नाही माझ्याशी. तर अशा परीक्षा मी पुष्कळ दिल्यात. या दुकानदाराला मी म्हटलं, "दोन्ही स्कोप बाहेर घेऊन चला." दुसरा म्हणजे कोपऱ्यातला एक लहानसा, तीन ते नऊ पटीचा, ज्याच्याकडे कुणी बघतही नव्हतं.

दुकानाच्या ट्यूबलाइटमध्ये कुठलाही स्कोप झकास दिसतो. ससे काही ट्यूबलाइटखाली चरत नाहीत, कुंपणाच्या सावलीत चरतात. म्हणून मी दुकानामागच्या अंगणाच्या भिंतीवर स्कोप टेकवला आणि तीस पावलांवरच्या झुडपाच्या बुडाशी बघितलं. मोठ्या स्कोपमधून एक पान दिसत होतं, तेही धूसर, आणि माझ्या छातीच्या ठोक्यांबरोबर थडथड उडत होतं. तो लांबच्या निशाणासाठी बनवलेला, जवळचं त्याला सोसत नव्हतं. त्यात ससा आला असता तर नुसता कान दिसला असता. कुठल्या सशाचा, तेही कळलं नसतं.

मग लहान स्कोप घेतला. लॅबमध्ये करते तसं आधी डोळ्याकडचं कडं फिरवून तो माझ्या डोळ्याला जुळवला, मग पुढचं कडं फिरवून जवळचं स्वच्छ केलं. पानाच्या शिरा दिसल्या, पानाखालची गोगलगाय दिसली, आणि मधोमध एक बारीक, साधी फुली.

"हा बिगिनर्ससाठी आहे, मॅडम," दुकानदार म्हणाला.

"असू दे. हाच द्या."

"अगं, पण रिव्ह्यूमध्ये..." नवऱ्याने सुरू केलं.

"रिव्ह्यू लिहिणाऱ्याचा डोळा आहे का माझ्याकडे?" मी म्हटलं. त्याने पाकीट काढलं.

क्लबात दोन रविवार घालवून मी त्या स्कोपचा नेम जुळवला आणि शनिवारी सकाळी कुरणात गेले. नवरा बरोबर होता, बाई फाटकाला टेकून बघत होत्या. पहिले चार छर्रे वर्तुळात गेले. पाचवा बोटभर बाहेर.

बाई निशाणाचं कार्ड घेऊन आल्या. "चार आत. पुष्कळ झालं," त्या म्हणाल्या, "तुमचा डोळा बघता." आणि खिशातून परवानगीचा कागद काढून पेन उघडलं.

नवऱ्याचा चेहरा खुलला. माझ्या कानशिलात आग झाली.

"थांबा," मी म्हटलं. "सही करू नका. ह्या पाचव्या छर्ऱ्याने ससा मेला नसता. पोटात छर्रा घेऊन बिळात शिरला असता आणि तडफडत पडला असता. त्याला काय सांगायचं, हिचा डोळा बघता चालतं म्हणून? आणि हा छर्रा डोळ्यामुळे नाही गेला बाहेर. चार आत गेले म्हणून मी हुरळले आणि घाई केली. दोन धड डोळेवालेही करतात. मी पुढच्या शनिवारी येते."

गाडीत नवरा वैतागला. "मिळत होतं ना अगं! पदरात पाडून घ्यायचं सोडून तू भाषण कसलं देतेस?"

"मिळत नव्हतं, भीक घालत होत्या त्या," मी म्हटलं. "मला नको." तो आठवडा मी रोज लॅबमधून आल्यावर अंगणात रायफल खांद्याला लावून नुसती श्वास धरायची आणि सावकाश सोडायची सवय केली. नसती ऐट केली आणि हातचं घालवलं, असंही दोनदा वाटलं.

शनिवारी भुरभुर पाऊस होता. चौथा छर्रा मारल्यावर मी रायफल खाली ठेवली, हात पुसले, मनात पन्नासपर्यंत आकडे मोजले. मग पाचवा मारला.

बाईंनी कार्डावर नाणं ठेवून बघितलं. पाचही भोकं नाण्याखाली झाकली गेली. त्यांनी कागद काढला, माझं नाव विचारलं, स्पेलिंग विचारलं आणि सही केली.

"माझंही लिहा ना," नवरा पुढे होऊन म्हणाला. "आम्ही बरोबरच येऊ."

बाईंनी त्याच्या हातात कोरं कार्ड दिलं. "पाच," एवढंच म्हणाल्या.

त्याने माझीच रायफल घेऊन मारले. दोन आत गेले.

"सॉरी," बाई म्हणाल्या आणि कागद माझ्या हातात दिला. त्यावर एकच नाव होतं. मी हसले. हो, त्याच्या तोंडावर हसले.